बसायची तालीम

खुर्च्या वीस, बायका वीस, आणि सगळ्या बायका भिंतीला टेकून फरशीवर बसलेल्या.

मी दारातच थबकले. तीन जिने चढून आले होते. एका हातात अंगठ्याच्या हजेरीचं मशीन, काखेत बॅनरची गुंडाळी आणि पोटात सकाळपासून अर्धा कप चहा.

"अहो, खुर्च्या काय पूजेला मांडल्यात का?" मी म्हणाले. "उठा बघू. वर बसा."

कुणी हललं नाही. एकमेकींकडं बघून नुसत्या हसल्या.

"असू द्या मॅडम," कोपऱ्यातली एक म्हणाली. "हितं बरं वाटतं. पाय मोकळं ऱ्हात्यात."

"उद्या नोकरीला लागलात तर तिथंपण अशाच फतकल मारून बसणार का?"

"तिथं कुठलं बसाया मिळतंय!" ती म्हणाली आणि सगळ्या खदखदल्या. मलाही हसू आलं, पण मी ते दाबलं. पहिल्या दिवशी मास्तरीण हसली की वर्ग हातात राहत नाही, असं आम्हाला बजावलेलं होतं.

ती बोलणारी हौसा ओव्हाळ. तिला त्या वर्गात आणलं होतं मीच.

याला आता तेरा वर्षं होतील. पुण्यात बिबवेवाडीला एका पिठाच्या गिरणीच्या वर आमचं कौशल्य केंद्र होतं. सरकारी योजना, तीन महिन्यांचा कोर्स, दवाखान्यातल्या वॉर्ड असिस्टंटचा. म्हणजे पेशंटला उठवणं-बसवणं, अंग पुसणं, चादर बदलणं, भांडं देणं, नर्सच्या हाताखाली पडेल ते. एका बॅचला वीस बायका. वीसपैकी चौदा जणी नोकरीला लागल्या पाहिजेत, नाहीतर केंद्राला पुढची बॅच मिळत नसे. शिकवणारी मी, वस्तीत हिंडून बायका गोळा करणारी मी, नोकऱ्या शोधणारीही मीच. केंद्राचे साळवेकर सर फक्त फोटोच्या दिवशी यायचे.

वस्तीत हिंडणं फार जिवावर यायचं. एकेका दारात तेच बोलायचं, तीच पत्रकं. हौसाच्या दारात मी गेले तेव्हा ती भांडी घासत होती. माझं सगळं बोलणं तिनं हात न थांबवता ऐकून घेतलं आणि मग एकच विचारलं.

"काम मिळंलच का?"

"मिळेल," मी म्हणाले. दिवसातून तीसदा म्हणायची मी ते.

"ईएसआयचं कार्ड असतंय का त्या कामाला?"

"असतं. पीएफ, ईएसआय, सगळं. तुमच्यासकट घरच्यांनापण लागू."

तिनं मान वळवून आत पाहिलं. आत कॉटवर तिचा नवरा सुदाम बसला होता, एक पाय सरळ लांब केलेला. रंगकाम करायचा. परांचीवरून पडला तेव्हापासून खुब्याचं हाड धड बसलं नव्हतं, काठी घेऊन मोरीपर्यंत जायचा तेवढंच. खासगीत ऑपरेशन करणं यांच्या आवाक्यातलं नव्हतं. कार्ड मिळालं की ईएसआयच्या दवाखान्यात ते फुकटात होणार होतं.

"माझं वय चव्वेचाळीस हाय," हौसा म्हणाली. "जुलैत पंचेचाळीस पुरं हुतील."

"पंचेचाळीसपर्यंत घेतात. बॅच मेमध्ये संपते. बसतंय की."

"म्हंजे याच येळेला," ती म्हणाली. "फुडच्याला न्हाई."

वर्ग दहा ते दोन असायचा. हौसाकडं पाच घरची कामं होती. त्यातली सकाळची तीन तिनं सोडली. तिनं ती सोडल्याचं मला पहिल्या आठवड्यातच सांगितलं होतं. मी "छान" म्हणाले होते. काय छान होतं त्यात, देव जाणे.

*

अभ्यासक्रमात व्यक्तिमत्त्व विकास नावाचं एक प्रकरण होतं. पुस्तकात चार पानं. मुलाखतीला कसं जावं, कसं बसावं, कसं बोलावं. बाकीच्या केंद्रांत ते एका तासात उरकायचे. मी तीन आठवडे घेतले. रोज शेवटचा अर्धा तास, खुर्चीवर बसायची तालीम.

मला ते का इतकं लागलं होतं ते सांगते. माझी आई शाळेत शिपाई होती. हेडमास्तरांच्या दाराबाहेर एका स्टुलावर तिची सव्वीस वर्षं गेली आणि घंटी वाजली की ती त्या स्टुलावरूनही उठायची. घरीसुद्धा कुणी जरा बऱ्या कपड्यातलं आलं की उठायची. मला त्याचा राग यायचा. आईचा नाही, त्या उठण्याचा. तो राग मी त्या वीस बायकांवर काढत होते असं आता वाटतं.

मी टेबलामागं साहेब होऊन बसायची. एकेकीनं दार वाजवायचं, आत यायचं, नमस्कार करायचा, "मी बसू का?" विचारायचं आणि नीट पाठ टेकून बसायचं. ऐकायला सोपं आहे. नजमा शेख म्हणून एक होती, ती खुर्चीपर्यंत यायची आणि तोंडाला पदर लावून परत पळायची. दुसरी एक बसायची, पण इतकी टोकाला की खुर्ची पुढं कलायची.

हौसाचे प्रश्न वेगळेच.

"हात कुठं ठिवू?"

"मांडीवर."

"मांडीवर पर्स हाय."

"पर्स खाली ठेवा."

"आन गेली म्हंजे?"

"हौसाताई, इंटरव्ह्यू घेणारी बाई तुमची पर्स पळवणार आहे का?"

"तसं न्हाई, पर सवय हाय," ती म्हणाली. "कुणाच्याबी घरात गेलं की आपली पिशवी आपल्याजवळ धरायची. फुडं त्यांचं काय हरवलं तर पिशवी उघडून दावता येती."

असं बोलायची आणि पुन्हा दाराबाहेर जाऊन नव्यानं आत यायची. कंटाळा म्हणून करायची नाही. मी विचारलं, "तुम्ही कधीच बसला नाहीत का हो कुणाच्या घरी, सोफ्यावर?"

"बसले की. पेठेकाकूंच्याकडं बावीस वर्सं सोफा पुसला, त्यात एकदा बसले. पंखा पुसाया स्टुलावर चढले आन तोल गेला तवा."

वर्ग हसून लोळला.

तिसऱ्या आठवड्यात मात्र ती बसली. म्हणजे खरोखरची. दार वाजवलं, आली, "नमस्कार मॅडम, बसते मी," म्हणाली, पर्स पायाशी ठेवली आणि पाठ टेकून माझ्या डोळ्यांत बघत राहिली. मी "मी बसू का?" शिकवलं होतं. तिनं त्याचं "बसते मी" करून टाकलं होतं. मला ते इतकं आवडलं की मी सगळ्यांना तसंच म्हणायला लावलं.

एके दिवशी वर्ग सुटताना ती माझ्याजवळ रेंगाळली.

"काल पेठेकाकूंच्यात चहा घेताना डायनिंगच्या खुर्चीवर बसले."

"अरे वा! मग?"

"काय न्हाई. काकू काय बोलल्या न्हाईत. चहा झाल्यावर मी उठले तर त्यांनी फडकं घेऊन खुर्ची पुसली."

मी हजेरीचं मशीन बंद करत होते, ते तसंच ठेवून तिच्याकडं वळले.

"मी म्हटलं, रोज मी पुसते, आज त्यांनी पुसली," हौसा म्हणाली. "तेवढंच माझं काम हलकं." आणि हसत जिना उतरली.

*

मेच्या दुसऱ्या आठवड्यात मुलाखती. हायवेच्या कडेला नवा दवाखाना उघडत होता, सात मजली, काचेचा. त्यांना माणसं हवी होती आणि मला जागा. मी वीस जणींना दोन बस बदलून घेऊन गेले. उन्हानं जीव नको झाला होता. सगळ्यांनी ठेवणीतल्या साड्या नेसलेल्या. हौसानं सुदामला सांगून ठेवलं होतं म्हणे, कार्डाला फोटो लागतो, दाढी करून ठेव.

मुलाखत घ्यायला कुलथे मॅडम होत्या. पन्नाशीच्या, चष्मा साखळीला अडकवलेला, आवाज मऊ. बाई वाईट नव्हत्या, हे मला आधीच सांगितलं पाहिजे. त्यांनी मला पाणी विचारलं, कोपऱ्यात खुर्ची दिली, पंखा माझ्याकडं वळवला. "सकाळपासून ऐंशी झाल्या," त्या म्हणाल्या. "डोकं बधिर झालंय."

टेबलासमोर एक खुर्ची होती. पण "बसा" असं त्या कुणालाच म्हणत नव्हत्या. खाली बघत नाव वाचायच्या आणि प्रश्न सुरू.

पहिली आली. उभी राहिली. पदर दोन्ही हातांत. मी डोळ्यांनी खुर्चीकडं खुणावलं, तिनं पाहिलंच नाही. दुसरी आली, उभी राहिली. नजमाही उभीच. तीन आठवड्यांची तालीम त्या गार खोलीत शिरल्याबरोबर विसरून गेल्या सगळ्या. सहा जणी झाल्या आणि मी हात टेकले.

सातवी हौसा.

"नमस्कार मॅडम. बसते मी."

आणि बसली. पर्स पायाशी. पाठ टेकलेली.

कुलथे मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. मग कागदाकडं. "पेशंटनं चादरीवर उलटी केली तर पहिल्यांदा काय कराल?"

"आदी त्याला कुशीवर करून तोंड पुसायचं," हौसा म्हणाली. "चादर काय पळून जात न्हाई. हातमोजं घालायचं, उलटीचा रंग बघून ठिवायचा, सिस्टरला सांगायचा. मग चादर. आन त्याला म्हणायचं, होतंय असं, लाजायचं न्हाई. मोठ्या माणसाला लई लाज वाटती."

कुलथे मॅडम हसल्या. खरंच हसल्या. आणखी दोन प्रश्न विचारले, तेही बिनचूक. हौसा उठली, नमस्कार केला, पर्स घेऊन गेली. मला वाटलं, झालं काम. मला उठून नाचावंसं वाटत होतं.

तीन वाजता यादी माझ्या हातात आली. चौदा नावं. मी ती दोनदा वाचली. मग तिसऱ्यांदा बोट ठेवून वाचली.

"मॅडम, हौसा ओव्हाळ?"

"कोण? हां, ती." त्यांनी चष्मा काढला. "कामाची माहिती चांगली आहे तिला. पण जरा... कसं सांगू, तोरा वाटला मला."

"तोरा?"

"मी बसा म्हटलंसुद्धा नव्हतं. आली आणि बसली. बाकीच्या किती नम्र होत्या. बघा, मला स्वतःला काही नाही त्याचं. पण इथं डॉक्टर राउंडला येतात, पेशंटचे नातेवाईक एकेक नमुने असतात. अशी बाई असली की रोज तक्रारी. निस्तराव्या मला लागतात."

"मॅडम, तिला ते मी शिकवलंय."

"शिकवलं असेल हो. चांगलंच आहे शिकवणं." त्या दमलेल्या होत्या, आवाज चढवत नव्हत्या. "हे बघा, बाई कामाची आहे, मला सोडायचीही नाही. असं करा, तिला जरा समज द्या आणि उद्या सकाळी परत पाठवा. पाच मिनिटं. नीट वागली तर मी घेते तिला. पंधरावं नाव घालायला मला काही अडचण नाही."

"नीट वागली म्हणजे उभी राहिली."

"तुम्हीच शब्द देताय. पण हो, तसंच समजा."

तेव्हा मी जे बोलले ते मला अक्षर न अक्षर पाठ आहे, कारण पुढं किती वेळा सांगितलंय त्याची गणती नाही. मी म्हणाले, "मॅडम, तीन आठवडे लागले मला त्या बाईला खुर्चीवर बसवायला. तिला परत उभं करायला मी पाठवणार नाही. तुमची नोकरी तुम्हाला लखलाभ."

आणि यादी घेऊन बाहेर पडले. जिन्यात माझी छाती कशी भरून आली होती म्हणून सांगू! आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाच्या तरी तोंडावर असं बोलले होते.

खाली गेटजवळ सावलीत बायका थांबल्या होत्या. मी नावं वाचली. नजमा किंचाळलीच, एकमेकींच्या गळ्यात पडल्या. हौसानं नजमाच्या पाठीवर थाप मारली. मग माझ्याकडं आली.

"माझं न्हाई?"

खरं सांगायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण मला वाटलं, बसली म्हणून नोकरी गेली हे हिला कळलं तर ही जन्मात परत कुठं बसणार नाही. केलेल्या सगळ्यावर पाणी. म्हणून मी म्हणाले, "वय आडवं आलं, हौसाताई."

"अजून दोन म्हयनं हायत की. फार्मवर ल्हिलंय."

"त्यांचं त्यांचं काहीतरी असतं."

ती थोडा वेळ त्या काचेच्या इमारतीकडं बघत राहिली. "बरं," म्हणाली. "तुमी तरी काय करणार."

बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली होती. साळवेकर सरांना मी संध्याकाळी फोन केला तर ते खूश. चौदा झाल्या होत्या. उरलेल्या सहा जणींचं त्यांनी विचारलंही नाही.

*

केंद्र दीड वर्षात बंद पडलं. योजना बदलली, नाव बदललं, आमची खुर्च्या-टेबलं एका क्लासवाल्यानं उचलून नेली. मी एका मोठ्या संस्थेत अर्ज केला. मुलाखतीत त्यांनी विचारलं, अभिमान वाटावा असा तुमच्या कामातला एखादा प्रसंग सांगा. मी कुलथे मॅडमचा सांगितला. "तुमची नोकरी तुम्हाला लखलाभ" म्हणताना माझा आवाज भरून आला. टेबलापलीकडच्या एका बाईंनी डोळ्यांच्या कडा टिपल्या. नोकरी मिळाली.

मग तो प्रसंग माझा होऊनच गेला. नव्या ट्रेनर लोकांना सांगायची, देणगीदार आले की सांगायची, महिलादिनाला सांगायची. टाळ्या ठरलेल्या. सांगून सांगून मी त्यात कुलथे मॅडमना जरा जास्त कडक केलं होतं आणि "उद्या परत पाठवा, मी घेते" हे वाक्य कधीतरी गळूनच गेलं होतं. मुद्दाम गाळलं नाही. पण गळलं ते बरं गळलं.

मुलाखतीला सहा वर्षं झाली तेव्हा संस्थेला 'सन्मान' या विषयावर एक छोटी फिल्म हवी होती. साहेब म्हणाले, "तुमची ती खुर्चीवाली बाई आहे ना, तिलाच घ्या. खरी बाई, खरं घर." मी फोन, फोनचा स्टँड आणि एक किलो पेढे घेऊन वस्तीत गेले. दुपारचे साडेतीन वाजले असतील.

घर तेच होतं. हौसा दारात डबा भरत होती. केस पांढरे झाले होते, अंगानं वाळली होती. मला ओळखायला तिला क्षणच लागला.

"मॅडम! अगं बाई, या या. बसा."

घरात एकच प्लास्टिकची खुर्ची होती, ती तिनं मला पुढं केली आणि स्वतः कॉटच्या कडेला बसली. कॉटवर सुदाम होता. आता काठीही नव्हती, भिंतीकडं तोंड करून पडलेला. मी आल्याचं त्याला कळलं की नाही ते कळेना.

"पडूनच असत्यात," हौसा म्हणाली. "ते हाड आतल्या आत झिजलं. आता ऑपरेशनचं वय न्हाई म्हणत्यात."

ती एका एजन्सीमार्फत एका अंथरुणाला खिळलेल्या आजींना सांभाळायला जात होती. चार ते पहाटे चार, महिन्याचे तीसही दिवस. सुट्टी घेतली की खाडा. कार्ड-बिर्ड काही नाही. "पर आजी चांगल्या हायत," ती म्हणाली. "तुमी शिकिवलेलं समदं कामी येतंय. कुशीवर करायचं, पाठ पुसायची."

मी फोन स्टँडवर लावला. फिल्मचं सांगितलं. आणि मग मला वाटलं, आता हिला खरं सांगायला हवं. इतक्या वर्षांनी तिला ते ऐकून बरं वाटेल. मी अगदी हौसेनं, सवयीनं, सुरुवातीपासून सांगितलं. कसा मला राग आला, काय बोलले, कशी यादी उचलून निघाले. घरात तिच्यासमोर सांगताना मात्र ते गळलेलं वाक्य आपोआप परत आलं. समोर ती होती, गाळणार कसं?

टाळ्यांच्या जागेला मी थांबले.

हौसा डब्याचं झाकण हातात धरून बसली होती.

"म्हंजे वयाचं नव्हतं?"

"नव्हतं."

"मी बसले म्हणून."

"हो. पण हौसाताई, तुमची काही चूक नव्हती त्यात. म्हणूनच तर मी..."

"आन दुसऱ्या दिवशी त्या घेणार हुत्या?"

"उभं राहायची अट होती. मी तिथल्या तिथं नाही म्हणून टाकलं."

"तुमी न्हाई म्हणालात," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. हिशेब जुळवताना माणूस एकेक आकडा मोठ्यानं म्हणतं ना, तसं. "मला इचारायचं तरी, मॅडम."

"तुमचा अपमान झाला असता हो."

"झाला असता. पाच मिंटं." तिनं झाकण डब्यावर ठेवलं, पण लावलं नाही. "मी ऱ्हायले असते की उभी. पाच मिंटं काय, पाच तास ऱ्हायले असते. हात जोडून ऱ्हायले असते. त्येंच्या खोलीत उभी ऱ्हायले म्हणून मला बसाया येत न्हाई असं थोडंच झालं असतं?"

मागं कॉटवर सुदाम कण्हला. तिनं न बघताच मागं हात नेऊन त्याच्या पायावरची चादर सारखी केली.

मला त्या दिवशीच्या यादीवरचा शेवटचा आकडा दिसत होता. चौदा. चौदाऐवजी तेरा असते तर? तर मी दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसनं हिला घेऊन गेले असते. वाटेत समजावलं असतं, हौसाताई, जरा उभ्या राहा, एवढं काय त्यात. माझा आकडा पुरा झाला होता म्हणून मला ताठ राहणं परवडलं. आणि ते परवडलं तिच्या जिवावर. सहा वर्षं मी त्याच्या टाळ्या घेतल्या आणि हा विचार मला एकदाही शिवला नव्हता. की शिवला होता आणि मी पुढं सरकले, तेही आता मला खात्रीनं सांगता येत नाही.

"चुकलं माझं," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"असू द्या," हौसा म्हणाली. मग तिनं विचारलं, "आता घेत्यात का वो कुठं, पन्नासच्या फुडं?"

"नाही."

"पंचेचाळीसच अजून?"

"पंचेचाळीसच."

तिनं मान हलवली. डब्याचं झाकण दाबून लावलं, पिशवीत ठेवला, पायात चपला घातल्या. मग स्टँडवरच्या फोनकडं तिचं लक्ष गेलं. "ते काय बोलायचंय ते सांगा लवकर, मी बोलून जाते. मला चारला पोचायचंय."

काय बोलायचं ते माझ्याकडं छापील होतं. दीड मिनिटाचं. खुर्चीनं माझं आयुष्य बदललं, असं सुरू होणारं. कागद पर्समध्ये होता, मी हातसुद्धा घातला होता. तो हात रिकामाच बाहेर काढला.

"हौसाताई," मी म्हणाले, "तुम्हाला बोलायचंय का?"

ती थांबली. माझ्या तोंडाकडं तिनं नीट पाहिलं, मी थट्टा करतेय की काय म्हणून.

"मला इचारताय व्हय?"

"हो."

"मग नगं," ती म्हणाली, आणि पिशवी उचलून कामाला निघाली.